व्हाळाची वाट ओळखा: डोंगराखालच्या वाडीने दरडीच्या लोंढ्यासाठी करायची तयारी

दरड म्हटलं की आपल्याकडे चोर्ला घाटातला बंद रस्ता डोळ्यांपुढे येतो. ढिगारा खाली येतो, जेसीबी येतो, दोन-चार तासांत गाड्या सुटतात. अशी दरड जिथे पडते तिथेच थांबते. दरडीचा लोंढा ही वेगळी गोष्ट आहे. डोंगरमाथ्याजवळ सुटलेली माती पाण्याने पातळ होते, व्हाळात म्हणजे ओढ्यात उतरते आणि वाटेतले धोंडे, झाडं, बांध पोटात घेत अर्धा-एक किलोमीटर खाली येते. ज्या घरामागे साधी टेकडीही नाही, त्या घरावरसुद्धा तो येऊ शकतो, कारण घर व्हाळाच्या तोंडाशी असतं.

कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यातल्या कणकुंबी, जांबोटी, पारवाड, आमगाव, हेमाडगा या पट्ट्यातल्या वाड्या, भीमगडच्या जंगलातली गावं, माथ्यावरचे गवळीवाडे आणि पलीकडे जोयड्यातल्या वस्त्या यांच्यासाठी हा लेख आहे. खानापूरच्या पठारावर सगळीकडे धोका सारखा नाही. सपाट शिवारातल्या गावाने घाबरून जाण्याचं कारण नाही. घाटाच्या कडेला आणि खोल व्हाळांच्या तोंडाशी असलेल्या वाडीने मात्र मे महिन्यातच कामाला लागावं.

लोंढा बनतो कसा

आपल्या सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या सपाट कातळावर, वर जांभ्याचा कडक थर असतो, ज्यातून आपण चिरे काढतो. त्याच्या खाली पांढरट-पिवळी, हाताला साबणासारखी लागणारी माती असते. ती शेड. कोरडी असताना ती उभी कापली तरी टिकते, म्हणून खणणाऱ्याला वाटतं की जमीन भक्कम आहे. भिजली की तिची ताकद झपाट्याने जाते. जांभ्याच्या भेगांतून उतरलेलं पाणी शेडीवर किंवा तिच्या खालच्या खडकावर अडतं, मातीच्या कणांमधला दाब वाढतो आणि उतार सुटतो. काही ठिकाणी शेडीत पाण्याने कोरलेल्या आडव्या नळ्या असतात. त्यांतून पावसाळाभर पाणी वाहतं आणि आतली माती हळूहळू धुपून जाते. जमिनीला वरून अचानक खड्डा पडला तर खाली अशी नळी आहे असं धरून चालावं.

हिशेब करून पाहा. पाच गुंठे जागा दोन मीटर खोलीपर्यंत सुटली, तर सुमारे हजार घनमीटर माल झाला. म्हणजे साडेतीनशे ब्रास. हा माल चार मीटर रुंदीच्या व्हाळातून पाचशे मीटर उतरताना तळ अर्धा मीटर जरी खरवडत आला, तरी आणखी हजार घनमीटर भर पडते. खाली पोचतात सातशे ब्रास, वजन चार हजार टनांच्या आसपास. लोंढा बहुधा सेकंदाला तीन ते दहा मीटर वेगाने येतो, तीव्र उतारावर त्याहून जास्त. सहाशे मीटरवरून आठ मीटरच्या वेगाने निघालेला लोंढा सव्वा मिनिटात दारात असतो. चिखलातून म्हातारं माणूस सव्वा मिनिटात अंगणसुद्धा ओलांडत नाही. म्हणून आवाज ऐकल्यावर पळायचं ही योजना होऊ शकत नाही. तो शेवटचा उपाय आहे.

तरणा आणि म्हातारा

मालीण ३० जुलै २०१४, तळीये २२ जुलै २०२१, इरशाळवाडी १९ जुलै २०२३, अंकोल्याजवळचं शिरूर १६ जुलै २०२४, वायनाड ३० जुलै २०२४. मोठ्या दरडींच्या या तारखा पंचांगाशेजारी ठेवा. सगळ्या पुनर्वसू आणि पुष्यात, म्हणजे तरण्या आणि म्हाताऱ्या पावसात पडतात. मृगाचा पहिला पाऊस कितीही बदाबदा कोसळला तरी तहानलेली जमीन तो पिऊन टाकते. आर्द्रा संपेपर्यंत पोट भरतं. त्यानंतरच्या मोठ्या सरीला आत जागा नसते. साधारण ६ जुलै ते १६ ऑगस्ट, म्हणजे तरणा, म्हातारा आणि आसळका (आश्लेषा), हे सहा आठवडे जागरणाचे. भाताची लावणीही नेमकी याच दिवसांत चालते. माणसं थकून गाढ झोपतात, हेही लक्षात ठेवून रात्रीच्या पाळ्या लावाव्यात.

पहिलं काम: मे महिन्यात व्हाळ चढून पाहणं

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने दरडप्रवणतेचे नकाशे केले आहेत आणि ते भूसंकेत पोर्टलवर पाहता येतात. जरूर पाहा. पण त्या नकाशाचं प्रमाण एकास पन्नास हजार आहे, म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर जमिनीवरचे पाचशे मीटर. आपली सगळी वाडी त्यात बोटाच्या नखाएवढी. इरशाळवाडीचं नाव धोकादायक गावांच्या यादीत नव्हतं. यादीत नाव नाही म्हणून निर्धास्त राहू नका आणि आहे म्हणून सगळं गाव हलवायला निघू नका. आपला नकाशा आपणच करायचा.

चार-पाच जण निघा. त्यांत गुरं राखणारा एक हवाच, कारण माथ्यावरची भेग सगळ्यांत आधी त्याला दिसते. सोबत कोयता, चुना, दोरी, फोन आणि मुलांच्या कंपास पेटीतला कोनमापक. वाडीपासून निघून व्हाळाच्या तळातून वर उगमापर्यंत जा आणि येताना धारेवरून उतरा.

जुन्या लोंढ्याच्या खुणा अशा: व्हाळ डोंगरातून बाहेर पडून पसरतो तिथे पंख्यासारखा उंचवटा, ज्यात मोठे धोंडे मातीत रुतून बसलेत, लहानमोठे एकत्र, थर नसलेले. नदीने आणलेला गोटा घासून गुळगुळीत झालेला असतो आणि आकाराप्रमाणे लागलेला असतो. लोंढ्याने आणलेला माल कालवलेला दिसतो. काठांवर दोन्ही बाजूंनी बांधासारखे धोंड्यांचे वरंबे. झाडांच्या बुंध्यांवर वरच्या बाजूला, पुराची पातळी जाईल त्याहून उंच, सोललेली साल. आपल्याकडची कित्येक घरं या पंख्यावरच असतात. पूर्वजांना दोष देऊ नका. डोंगरात बऱ्यापैकी सपाट, निचऱ्याची आणि पाण्याजवळची जागा तीच असते.

मग कोन मोजा. कोनमापकाची सरळ कड वर धरा, मध्यबिंदूतून दोरा ओवून खाली नट लटकवा. सरळ कडेवरून नजर लावून उताराचं टोक पाहा. दोरा ९० च्या खुणेपासून जितका सरकला, तितक्या अंशांचा उतार. दोन ठिकाणी हे करायचं.

एक, उगमाजवळच्या उतारावर. २५ ते ४५ अंशांच्या मधला, मातीने झाकलेला आणि ओंजळीसारखा आत वळलेला उतार सगळ्यांत संशयाचा, कारण पाणी तिथे गोळा होतं.

दोन, प्रत्येक घराच्या ओट्यावरून त्या उगमाच्या माथ्याकडे. हा कोन २७ अंशांहून मोठा आला, तर घर लोंढ्याच्या सरळ पल्ल्यात आहे असं समजा. ११ ते २७ मध्ये आला, तर लोंढा किती मोठा आणि व्हाळ किती सरळ यावर ठरेल. ११ पेक्षा कमी असेल तर धोका बराच कमी, पण घर व्हाळाच्या काठालाच टेकलेलं असेल तर ही सूट धरू नका.

कागदावर तीन रंग पुरतात. व्हाळ आणि पंखा लाल. वळणाची बाहेरची बाजूही लाल, कारण लोंढा वळणावर बाहेरच्या काठावर चढतो, पाण्यापेक्षा कितीतरी उंच. दोन व्हाळांमधली उंच सोंड बहुधा हिरवी, जर तिच्या डोक्यावर खणलेला उतार नसेल तर. बाकीचं पिवळं. लाल घरांतली माणसं, वयं, अंथरुणाला खिळलेले, गरोदर बाया आणि गुरांची संख्या त्याच कागदावर लिहा. एक प्रत शाळेत, एक पंचायतीत विकास अधिकाऱ्यांकडे (पीडीओ), एक तलाठ्याकडे. तहसीलदारांना द्यायचा अर्ज कन्नडमध्ये लिहून नकाशा जोडला तर फाईल लवकर हलते.

पाऊस मोजायचा, अंदाजाने सांगायचा नाही

'रात्री लई पडला' या वाक्यावर कुणी घर सोडत नाही. आकडा लागतो. सरळ भिंतीचा, बुडाला न निमुळता होणारा, ३० सेंटिमीटर उंच डबा घ्या. तोंड १५ सेंटिमीटर किंवा जास्त रुंद. काठ जमिनीपासून ३० सेंटिमीटर उंच राहील असा बसवा. जवळच्या झाडाची किंवा घराची जेवढी उंची, त्याच्या दुपटीइतकं अंतर सोडा. रोज सकाळी साडेआठला पट्टीने मोजा, वहीत लिहा, डबा ओता. कोल्ड्रिंकची बाटली कापून केलेला मापक चुकतो, कारण तिचं बूड खळग्यांचं असतं आणि तोंड लहान. एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. शंभर मिलिमीटर पडला की एका एकरावर चार लाख लिटर पाणी उतरलं.

कर्नाटक राज्य नैसर्गिक आपत्ती देखरेख केंद्राची पर्जन्यमापकं ग्रामपंचायत पातळीवर आहेत. त्यांचा आकडाही लिहून ठेवा. पण मापक पंचायतीजवळ आणि दरड माथ्यावर असते. कड्याला ढग अडतात तिथे पाऊस जास्त पडतो, म्हणून शक्य असेल तर दुसरा डबा वरच्या गवळीवाड्यावर ठेवा.

हवामान खात्याच्या भाषेत २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे मुसळधार, २०४.४ पर्यंत अतिमुसळधार, त्यापुढे अत्यंत मुसळधार. पण बेळगाव शहरात वर्षभरात जेमतेम तेराशे मिलिमीटर पडतो. तिथला शंभरचा दिवस आणि कणकुंबीचा शंभरचा दिवस एक नव्हे. कणकुंबीत तो जुलैमधला साधा दिवस असतो. म्हणून प्रत्येक वाडीचा आकडा वेगळा. वही नसेल तोवर सुरुवातीला हे धरा:

सावध: २४ तासांत ११५, किंवा सलग तीन दिवसांची बेरीज २५०.
हलायचं: २४ तासांत २००, किंवा तीन दिवसांत ४००, किंवा आधीच्या दोन दिवसांत १५० पडून गेल्यावर एका तासात ४०.

हे डोंगर मोडण्याचे आकडे नाहीत, लाल घरं रिकामी करण्याचे आहेत. दोन पावसाळ्यांनी वही उघडा. किरकोळ घसरण कमी पावसात झाली असेल तर आकडा खाली आणा. हंगामात सात-आठ वेळा हलावं लागलं आणि कुठे मातीसुद्धा सरकली नाही, तर थोडा वर न्या. नाहीतर तिसऱ्या वर्षी कुणी उठणार नाही. काहीही न होता परत आलेल्या रात्रीला 'फुकट गेली' म्हणणारे भेटतातच. त्यांच्याशी वाद पावसाळ्याआधी घालून संपवावा.

डोंगर काय सांगतो

सगळ्यांत मोठी खूण पाण्याची. पाऊस चालू असताना व्हाळाचं पाणी एकाएकी कमी झालं, तर आनंद मानू नका. वर कुठेतरी दरड पडून पाणी तुंबलंय आणि तो बांध फुटणार आहे. त्याच मिनिटाला लाल घरं सोडा, पावसाचा आकडा काहीही असो. पाणी अचानक गढूळ होणं, त्यात ताजी पानं आणि मुळांसकट रोपं येणं, हेही तसंच. दरवर्षीचे उपळ, म्हणजे पावसाळी झरे, सगळ्यांना माहीत असतात. नव्या जागी उपळ फुटला किंवा जुना स्वच्छ उपळ शेडीच्या रंगाचा वाहू लागला, तर आतली माती निघून चालली आहे.

त्यानंतर जमीन. माथ्याजवळ चंद्रकोरीसारखी भेग, एका बाजूची जमीन खचलेली. गडगा (दगडी कुंपण) मधेच फुगलेला. सरळ झाडं एका रांगेत कललेली. घराचं दार कालपर्यंत लागत होतं, आज चौकटीत अडकतंय. लाकूड पावसाने फुगतं हे खरं, पण दाराबरोबर भिंतीला तिरकी भेग असेल तर लाकडाला दोष देऊ नका.

भेग दिसली की दोन्ही बाजूंना, कडेपासून एक-एक मीटरवर खुंट ठोका, निदान दोन फूट खोल. प्रत्येकाच्या डोक्यावर खिळा. खिळ्यापासून खिळ्यापर्यंतचं अंतर टेपने सकाळ-संध्याकाळ मोजा. रोज तेवढंच वाढतंय तर सावध. आजची वाढ कालच्यापेक्षा जास्त असेल तर त्या उताराखालची घरं त्याच दिवशी सोडा. भेगेत पाणी जाऊ नये म्हणून चिकणमाती ठासून वर ताडपत्री टाका, पण हे काम उघडीप असताना आणि दोघांनी मिळून. मोठा पाऊस चालू असताना भेग बुजवायला वर चढणं हा शुद्ध वेडेपणा आहे.

रात्रीची व्यवस्था

इरशाळवाडी रात्री साडेदहा-अकराच्या सुमाराला गेली, वायनाड मध्यरात्रीनंतर. म्हणून निर्णय उजेडातच घ्यायचा. संध्याकाळी पाचला आकडे पाहा. 'हलायचं'च्या जवळ आले असतील तर दिवेलागणीआधी लाल घरं रिकामी. माणसांनी त्या रात्री हिरव्या भागातल्या नातेवाइकांकडे किंवा शाळेत झोपायचं. मात्र शाळाच पंख्यावर असेल, आणि तसं असतं, तर दुसरी जागा ठरवा.

वाट आधी चालून पाहा. ती व्हाळ ओलांडणारी नको, साकवावरून जाणारी तर मुळीच नको. पावसाळ्यात लाकडी साकवावर विसंबणं म्हणजे वाट नसल्यासारखंच. व्हाळाच्या काटकोनात, आडवं आणि वर चढून सोंडेवर जायचं. व्हाळाच्या बाजूने खाली धावणाऱ्याला लोंढा गाठतोच.

गुरं हा खरा अडसर. माणूस बाहेर पडतो आणि दावं सोडायला परत गोठ्यात जातो. त्यामुळे सावधचा आकडा आला की गुरं आधी हलवा किंवा निदान दावी सोडून ठेवा आणि गोठ्याला कडी लावू नका. रेशन कार्ड, आधार, उतारे, औषधं आणि बॅटरी एका प्लास्टिकच्या पिशवीत खुंटीला. तेवढी एकच पिशवी.

इशारा कसा द्यायचा? भोंगा लाइट गेली की मुका होतो, फोनला जंगलात रेंज नाही. देवळाची घंटा आरतीलाही वाजते, म्हणून ती नको. पत्र्याचा डबा किंवा थाळी न थांबता बडवणं, सोबत शिट्टी. हा आवाज दुसऱ्या कशासाठीही काढायचा नाही, असं वाडीने ठरवावं. जूनच्या पहिल्या आठवड्यात एकदा खरोखर वाजवून बघा, सगळ्यांत लांबच्या घरात कौलांवरच्या पावसाच्या आवाजात ऐकू येतो का. पाळी दोघांची, तीन-तीन तासांची. रेंज मिळते ती जागा ठरलेली असतेच. तिथे कोण जाणार आणि ११२ किंवा जिल्हा नियंत्रण कक्षाच्या १०७७ वर काय सांगणार, हे लिहून ठेवा: गाव, व्हाळाचं नाव, किती घरं, कोणता रस्ता चालू. सरकारी संदेश कन्नड किंवा इंग्रजीत येतात. 'गुड्ड कुसित' किंवा 'भू कुसित' म्हणजे दरड, 'भारी मळे' म्हणजे मुसळधार पाऊस, एवढं तरी प्रत्येकाला कळायला हवं.

कोणती कामं करावीत, कोणती टाळावीत

सगळ्यांत स्वस्त आणि उपयोगी काम म्हणजे व्हाळ मोकळा ठेवणं. काजूच्या छाटलेल्या फांद्या, पडलेले ओंडके, घर बांधताना निघालेली माती हे सगळं आपण व्हाळात ढकलतो. तेच लोंढ्याचं खाद्य होतं. रस्त्याखालच्या सिमेंट पाइपच्या मोऱ्या ओंडक्यांनी तुंबतात, मागे तळं साचतं आणि रस्ता फुटून दुप्पट लोंढा खाली येतो. अशा व्हाळावर पाइपपेक्षा खोलगट फरशी किंवा मधे खांब नसलेला मोकळा गाळा बरा. रोजगार हमीचं काम सुचवताना हे आग्रहाने लिहा.

घरामागचा उतार जेसीबीने उभा कापू नका. कापलाच असेल तर वरच्या कडेपासून दोन-तीन मीटर मागे पाणी वळवणारी चर घ्या, तिला फरशी किंवा सिमेंटचं अस्तर करा. बिनअस्तराची चर पाणी नेत नाही, मुरवते. आधारभिंतीत दीड-दीड मीटरवर तीन इंची पाइपची भोकं आणि मागे फूटभर खडीचा थर हवा. त्याशिवाय भिंत पाण्याच्या दाबानेच फुगून पडते. आणि ही भिंत घरामागची माती धरते, वरून येणारा लोंढा नाही. तिच्या आडोशाला झोपू नका.

पाणी जिरवण्याची मोहीम चांगलीच, पण जागा पाहून. माथ्यावर, शेड असलेल्या उभ्या उतारावर समपातळी चर किंवा शेततळं खणणं म्हणजे डोंगराच्या पोटात पाणी भरणं. चर सपाट सड्यावर आणि खालच्या शिवारात घ्या. तीव्र व्हाळात सुट्या दगडांचे बंधारे नकोत. लोंढा ते दगड उचलूनच खाली येतो.

झाडं लावाच, पण त्यांच्याकडून अवाजवी अपेक्षा नको. मुळं वरची एक-दोन मीटर माती धरतात. शेड चार-पाच मीटरवर सुटली तर झाडांसकट उतार खाली येतो. उलट जुनं जंगल तोडलेल्या उतारावर मुळं कुजायला काही वर्षं लागतात, त्यामुळे धोका तोडीनंतर लगेच न दिसता तीन-चार पावसाळ्यांनी दिसतो. बांधाच्या कडेला वाळा उत्तम.

लोंढा येऊन गेल्यावर

पहिला लोंढा शेवटचा नसतो. वायनाडला पहिल्यानंतर काही तासांतच दुसरा आला. वरची तुटलेली कड मोकळी असते, व्हाळ खरवडून गुळगुळीत झालेला असतो, त्यामुळे पुढचा अधिक वेगाने येतो. पाऊस थांबून व्हाळ स्वच्छ वाहू लागेपर्यंत लाल भागात जाऊ नका.

ताजा गाळ वरून घट्ट दिसतो आणि आत माणूस कमरेपर्यंत रुततो. जावंच लागलं तर फळ्या किंवा दारं टाकून, कमरेला दोर बांधून. बचाव पथक आल्यावर त्यांना सगळ्यांत जास्त लागते ती घरोघरची यादी, त्या रात्री कोण कुठे झोपलं होतं त्यासह, आणि घराची मूळ जागा दाखवणारा माणूस. लोंढा घराला जागेवरून हलवतो, त्यामुळे ढिगाऱ्यात दिसणारा पत्रा म्हणजे घराची जागा नव्हे.

विहीर आणि नळाची टाकी उपसून क्लोरिन टाकल्याशिवाय वापरू नका, तोवर पाणी उकळून. तुटलेल्या विजेच्या तारांपासून लांब राहा. पंचनाम्याआधी फोटो काढा. गाळ जिथपर्यंत चढला, तिथे भिंतीवर आणि झाडांवर रंगाने रेघ मारून तारीख आणि वहीतला पाऊस लिहा. पुढच्या मे महिन्यात नकाशावरचा लाल रंग त्या रेघेपर्यंत न्यायचा आहे.